बाळाच्या कॉटला कुठलं लाकूड?

पत्र

माझं वय साठ. गेल्या वर्षी भोसरीतल्या कारखान्यातून निवृत्त झालो. मुलीला दिवस गेले आहेत. दिवाळीनंतर ती बाळंतपणासाठी आमच्याकडे धायरीला येईल. नातवंडासाठी कॉट, एक बुटकं कपाट आणि मुलीला दूध पाजताना बसायला खुर्ची, हे सगळं आपल्या हातानं करावं अशी फार इच्छा आहे. हत्यारं आहेत, हातही बरा चालतो. लाकूडही जमवलंय: चाकणच्या मित्राच्या वर्कशॉपमधली पाइनची खोकी आणि पॅलेट, कसब्यातला आमचा जुना वाडा पाडला तेव्हा निघालेली दोन रंगवलेली दारं आणि सागवानी तुळयांचे तुकडे, शिवाय सोसायटीच्या गच्चीवर मांडव केला त्यातून उरलेल्या हिरवट फळ्या. ओळखीचा सुतार म्हणतो, "काका, कशाला हा उपद्व्याप? प्लाय आणा, दोन दिवसांत करून देतो." बायकोला नव्या प्लायच्या वासाची धास्ती वाटते. लहान बाळाच्या खोलीत यातलं कुठलं लाकूड चालेल?

— होऊ घातलेले आजोबा, धायरी

उत्तर

नमस्कार,

बेत अजिबात सोडू नका. श्रावण चालू आहे, दिवाळीपर्यंत हाताशी चांगला वेळ आहे, आणि तुम्ही जमवलेल्या सामानातला काही भाग फार चांगला आहे. मात्र काही भाग घराच्या उंबऱ्याआत येऊ नये असा आहे, आणि तो कुठला हे नुसतं बघून कळत नाही.

आपण बहुतेक सगळे लाकडाची जात विचारतो. सागवान का पाइन, शिवण का आंबा. खरं सांगायचं तर फर्निचरला आपल्याकडे ज्या जाती नेहमी वापरतात, त्यांपैकी कुठलीही नीट घासून, पॉलिश करून ठेवली तर बाळाला तिचा त्रास होत नाही. त्रास होतो तो झाड पडल्यानंतर त्या लाकडाचं जे काही झालं त्याचा. वाळवी लागू नये म्हणून त्यात काय मुरवलं, त्यावर कुठला रंग चढला, त्यातून कोणता माल गेला, ते कशानं चिकटवलं. म्हणून प्रत्येक फळीचा आधीचा इतिहास विचारा, आणि तो सांगणारं कोणी नसेल तर ती फळी कॉटला लावू नका. दात येताना बाळं कॉटचा वरचा कठडा तासन्‌तास चावत बसतात. तुमच्या कामात सगळ्यात कडक नियम त्या एका पट्टीला लागतो.

हिरवट फळ्यांपासून सुरुवात करतो, कारण त्या आजच बाजूला काढायच्या आहेत. गच्चीवर पाऊस खाऊनही सडू नये म्हणून अशा लाकडात दाब देऊन रसायन मुरवलेलं असतं. आपल्याकडे त्यासाठी बरीच वर्षं वापरात असलेलं रसायन म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, ज्याला धंद्यात सीसीए म्हणतात. ते 1933 साली शोधलं तेही आपल्याच माणसानं, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या सोंती कामेसन यांनी. विजेचे खांब, कूलिंग टॉवर यांचं लाकूड त्यामुळे वर्षानुवर्षं टिकलं, हे त्या शोधाचं मोठेपण. पण आर्सेनिक ते आर्सेनिकच. अमेरिकेत 2003 अखेरीस घरगुती कामासाठी असं लाकूड तयार करणं थांबवलं गेलं. आता तांब्याची, आर्सेनिक नसलेली दुसरी रसायनंही निघाली आहेत आणि त्यांनीही लाकूड हिरवटच दिसतं. तुमच्या फळ्यांत नेमकं कुठलं आहे हे रंगावरून सांगता येणार नाही. म्हणून त्या घरात नकोत. कॉटला नकोत, कपाटाला नकोत, कपाटाच्या मागच्या पट्टीलाही नकोत. गच्चीवर पुन्हा मांडव करायचा असेल तर तिथे वापरा, नाहीतर न कापता ठेवून द्या.

आणि त्या जाळू नका. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. धायरी-नऱ्हे बाजूला अजून कितीतरी बंगल्यांत मागच्या अंगणात बंब आहे, थंडीत सोसायटीचा वॉचमन शेकोटी पेटवतो, आणि लाकडाचे तुकडे तिथेच जातात. हे लाकूड जळताना आर्सेनिकचा काही भाग धुरात जातो आणि बाकीचा राखेत साठतो. ती राख कुणी भांड्यांना लावली किंवा कुंडीत टाकली तर काय होईल याचा विचार करा. या फळ्यांचा भुसाही खतात किंवा झाडांना घालू नये.

आता वाड्याची दारं. आठवण म्हणून ती तुम्हाला प्रिय असणार हे समजतं, आणि नेमकी हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते.

जुन्या दारांवर ऑइलपेंटचे थर एकावर एक चढलेले असतात. एखादा पोपडा नखानं उचलून त्याची कड बघा: वर पांढरा किंवा क्रीम, खाली हिरवा, त्याखाली निळा, आणि लाकडाला लागून बऱ्याचदा शेंदरी प्रायमर. दर लग्नाला, दर मुंजीला एक हात मारलेला. त्या काळच्या रंगांत शिसं सर्रास असायचं, रंग पक्का बसावा आणि लवकर वाळावा म्हणून. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग) कायदेशीर मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी, आणि ती लागू झाली 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या कुठल्याही रंगाबद्दल खात्री देता येत नाही. शिशाची अमुक इतकी मात्रा मुलांना चालते, असा आकडाच नाही. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की सुरक्षित म्हणावी अशी पातळी माहीत नाही. शिसं वाढत्या मेंदूवर परिणाम करतं. गरोदर बाईच्या शरीरातून ते गर्भापर्यंतही पोचतं.

दार नुसतं भिंतीला टेकून उभं आहे तोवर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते घासायला लागल्यावर. सँडरनं किंवा पॉलिश पेपरनं कोरडं घासलं की शिशाची धूळ इतकी बारीक होते की झाडूनं ती जात नाही, उलट उडते. ती फरशीच्या सांध्यात बसते, आणि सहा-आठ महिन्यांनी बाळ त्याच फरशीवर रांगत हात तोंडात घालतं. ब्लो लॅम्पनं रंग जाळून काढणं त्याहून वाईट, कारण त्याच्या वाफा थेट छातीत जातात. मुलगी यायच्या आधी उरकून टाकतो, असंही म्हणू नका. धूळ घरात राहते.

म्हणून दारं कापू नका, घासू नका, घराच्या आत आणू नका. जपून ठेवायची असतील तर रंग सुटत असलेला भाग ओल्या फडक्यानं पुसून घ्या, फडकं आणि पोपडे पिशवीत बांधून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे द्या, आणि दारं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. पुढे कधी त्यांचं काही करायचंच असेल तर प्रयोगशाळेत पोपडा तपासून घेऊन, ओल्या पद्धतीनं किंवा रसायनानं रंग काढणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्या.

तुळयांची गोष्ट वेगळी, आणि बरीच चांगली. वाड्यातल्या तुळया बहुधा रंगवलेल्या नसतात. वरून काळ्या दिसतात त्या धुरानं, तेलानं आणि काळानं. आत गाभ्याचं जुनं सागवान असतं, पूर्ण सुकलेलं, आता नव्यानं मिळणं अवघड असं. पण इथेही इतिहास विचारायचाच. ढेकणांसाठी पूर्वी घरोघर डीडीटी आणि गॅमॅक्सिनची पावडर फटीफटीत भरायचे (गॅमॅक्सिनवर, म्हणजे बीएचसीवर, आपल्याकडे 1997 मध्ये बंदी आली). वाळवी लागली की टोकांना डांबर किंवा गाडीचं जळकं काळं ऑइल फासायचे. वाड्यात राहिलेलं कुणी मोठं माणूस असेल तर विचारा. भिंतीत गेलेली टोकं वीतभर तरी कापून टाका, कारण डांबर-ऑइल तिथेच लावलेलं असतं. मग तुळई सॉ मिलवर नेऊन चारही बाजूंनी जाड साल काढून चिरून घ्या. आधी खिळे काढा, नाहीतर करवतवाला हात लावणार नाही. चिरलेल्या फळीला सागवानाचा नेहमीचा तेलकट, चामड्यासारखा वास यायला हवा. डांबराचा किंवा औषधाचा उग्र वास आला, काळे चिकट डाग आत शिरलेले दिसले, तर ती फळी बाजूला. उरलेल्या चांगल्या फळ्यांची दूध पाजायची खुर्ची करा. वजनदार होईल आणि डुगडुगणार नाही. कॉटला मात्र हे सागवान लावू नका, कारण शंभर वर्षांत त्यावर काय काय पडलं हे कुणीच पूर्ण सांगू शकत नाही.

जाता जाता रेल्वेच्या रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरबद्दलही सांगतो, कारण हल्ली त्यांची "रस्टिक" बाकं-टेबलं विकायला येतात. त्यातल्या कितीतरी स्लीपरांत क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल, मुरवलेलं असतं. उन्हात ठेवलं की त्यातून काळं पाझरतं. घरात नकोच.

चाकणची खोकी. प्रत्येक पॅलेटच्या कडेला तापवून उमटवलेला किंवा छापलेला चौकोनी शिक्का शोधा. डावीकडे गव्हाच्या लोंबीसारखी खूण, उजवीकडे दोन अक्षरी देशाची खूण, मग कारखान्याचा क्रमांक, आणि त्याखाली किंवा पुढे दोन अक्षरं: एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. तो वायू बहुतांश उडून जातो, तरी अशा लाकडाला घरात जागा देण्याचं काही कारण नाही. शिक्काच नसेल तर ते देशातल्या देशात फिरलेलं खोकं असणार, आणि त्याच्याबद्दल काहीच माहिती नाही असं समजा.

एचटी दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. हा शिक्का लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये यासाठी आहे. त्यानंतर त्या पॅलेटवर काय सांडलं हे तो सांगत नाही. चाकण-भोसरी पट्ट्यात तर सुटे भाग गंजरोधक तेलात बुडवून खोक्यात भरतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. फळीवर तेलाचा ओघळ, रसायनाचा डाग, काळी-निळी बुरशी दिसली तर ती नको. स्वच्छ, एचटीचा शिक्का असलेल्या, यंत्राच्या भागांऐवजी साधा माल आणलेल्या फळ्या मित्राला विचारून निवडा आणि त्यांचं गॅलरीतलं कुंड्यांचं स्टँड करा, गॅरेजमधली मांडणी करा. बाळाच्या खोलीत नाही.

सुताराच्या प्लायकडे येऊ. तुमच्या बायकोची धास्ती खरी आहे. तो झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास फॉर्माल्डिहाइडचा असतो, आणि कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2004 मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. तो गोंदातून सुटतो. साधा, स्वस्त, "कमर्शियल" म्हणून मिळणारा एमआर (ओलावा सोसणारा) ग्रेडचा प्लाय, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांत सहसा युरियाचा गोंद असतो, आणि तो हळूहळू विघटित होत वर्षानुवर्षं वायू सोडत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू जास्त सुटतो. म्हणजे मे महिन्यातली बंद खोली आणि जुलैतली बंद खोली, दोन्ही आपल्याकडचीच.

तरी सगळा प्लाय वाईट, असं म्हणून चालणार नाही. आयएस 303 या भारतीय मानकातला बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) ग्रेड आणि आयएस 710 चा मरीन प्लाय फिनॉलच्या गोंदानं चिकटवतात. तो गोंद कितीतरी पक्का असतो, वायू फार कमी सोडतो. कापलेल्या कडेकडे बघितलं तर थरांमध्ये गडद तपकिरी रेषा दिसतात. युरियाच्या गोंदाची रेष फिकट असते. फक्त रेषेवर विसंबू नका, शीटवरचा आयएसआय शिक्का आणि नंबर वाचा, आणि वायू किती सुटतो त्याची, म्हणजे उत्सर्जनाची, श्रेणी विचारा: ई-झिरो किंवा ई-वन असेल तरच घ्या. बुटक्या कपाटाला असा प्लाय चालेल. मात्र प्रत्येक उघडी कड बंद करा, मागची आणि तळाचीही, जी कुणाला दिसत नाही म्हणून सुतार तशीच सोडतो. वायू सगळ्यात जास्त तिथूनच सुटतो.

मग कॉटला काय? एकदा वेळ काढून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जा आणि नवीन, घन लाकूड घ्या. माझी पहिली पसंती शिवण. फिकट, हलकं, एकदा सुकलं की वाकत-तडकत नाही, रंध्याखाली छान उतरतं. वखारीत मिळालं नाही तर गाभ्याचं सागवान, आणि तेही बजेटबाहेर गेलं तर रबरवुड. रबरवुडमध्ये किडीसाठी बोरॅक्स-बोरिक ॲसिड मुरवलेलं असतं. घरात कोरड्या जागी, वरून पॉलिश असताना ते मला चालतं, पण चावायच्या कठड्याला मी तरी शिवण किंवा सागवानच लावेन. आंब्याचं लाकूड स्वस्त आहे आणि त्याच्यात वाईट काही नाही, फक्त त्याला भुंगा लवकर लागतो. पिठासारखा बारीक भुसा खाली पडायला लागला की समजायचं. बाळाच्या कॉटवर मग औषध मारत बसावं लागेल, म्हणून ते टाळा. पाइन घ्यायचंच तर कशात बुडवलंय ते विचारून घ्या, कारण आयात केलेलं पाइन चिरून झाल्यावर बऱ्याचदा रसायनातून काढतात.

वखारवाला "ट्रीटमेंट केलेलं आहे" असं अभिमानानं सांगेल. "कशाची?" असं विचारा. बोरॅक्स-बोरिक म्हणाला तर ठीक. सीसीए म्हणाला, किंवा "केमिकलची, साहेब, काळजी नको" एवढंच म्हणाला, तर पुढच्या वखारीत जा. गाभ्याचं किती आणि कडेचं पांढरं किती हेही बघून घ्या. कीड पांढऱ्यातच शिरते. गावाकडून कुणी तोडून आणलेलं अनोळखी लाकूड आणू नका. बिब्ब्याचा चीक अंगाला लागल्यावर कसे फोड येतात हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

पावसात घेतलेलं लाकूड ओलं असणारच. घरी आणून मध्ये रिपा घालून, एकावर एक, हवेशीर ठेवा. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं; 10 ते 12 टक्क्यांवर आलं की काम सुरू करा.

काम गच्चीवर करा, घरात नको. कुठल्याही लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर नाकाचा कर्करोग होऊ शकतो, आणि सागवान-शिसवाच्या धुळीनं तर लगेच खाज सुटते, शिंका येतात. एन-95 मास्क लावा. धूळ ओल्या फडक्यानं उचला आणि कामाचे कपडे वेगळे धुवा. कॉटच्या उभ्या पट्ट्यांमधली फट 6 सेंटिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर बाळाचं अंग सरकून डोकं अडकू शकतं.

पॉलिशवाला मेलामाइन सुचवेल, कारण त्याची चकाकी झटकन येते. कॉटला ते नको. वाळतानाही त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हातानं केलेलं जुन्या पद्धतीचं फ्रेंच पॉलिश उत्तम, स्पिरिट उडून गेलं की मागे फक्त लाख उरते. नाहीतर कच्चं जवसाचं तेल आणि वरून मधमाश्यांचं मेण. "बॉइल्ड" लिहिलेला जवसाच्या तेलाचा डबा घेऊ नका, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. कच्चं तेल वाळायला काही आठवडे घेतं, तेवढा वेळ धरून चला. आणि तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. वाळत घातल्यासारखी मोकळी पसरा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

भर पावसात लाख लावली तर ती दमट हवेनं पांढरी पडते, म्हणून घाई नको. आत्ता लाकूड घ्या, गणपतीनंतर कापायला लागा आणि पॉलिश ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात करा. शेवटचा हात मारून झाला की कॉट सरळ बाळाच्या खोलीत नेऊ नका. मुलगी येईपर्यंत गॅलरीत वाऱ्याला राहू द्या, आणि आत नेण्याआधी तुमच्या बायकोला कठड्याशी नाक नेऊन वास घ्यायला सांगा. जरासाही वास आला तर आणखी आठ दिवस बाहेरच.

कळावे.